वेब डिझायनर की वेब डेव्हलपर? कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या क्रमाने बोलवायचे

वेबसाइटची कामे वाईट माणसामुळे फसतात त्यापेक्षा जास्त वेळा चुकीच्या कामाला लावलेल्या चांगल्या माणसामुळे फसतात. संपर्क फॉर्मवरून ई-मेल येईनासे झाले म्हणून डिझायनरला बोलावले जाते. ते बटण मोठे करून देतात, ई-मेल काही येत नाहीत. साइट जुनाट दिसते म्हणून डेव्हलपरला सांगितले जाते. ते एक तयार थीम चढवून देतात आणि साइट आता इतर हजार साइट्ससारखी दिसू लागते. दोन्हीकडे पैसे गेले, अडचण होती तिथेच राहिली.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. विशेषतः टप्पा २ आणि ४ गाळून थेट माणूस शोधायला निघालात, तर पुढे जी भांडणे होतात त्यातली बरीचशी तिथेच ठरलेली असतात.

## टप्पा १: दोघांमधली रेघ एका फॉर्मवर तपासा

"डिझायनर दिसण्याचे पाहतो, डेव्हलपर चालण्याचे" ही व्याख्या सोपी आहे, पण अपुरी आहे. प्रत्यक्षात काम कसे वाटले जाते ते साध्या संपर्क फॉर्मवर नीट कळते.

डिझायनर ठरवतात: फॉर्ममध्ये किती रकाने हवेत आणि त्यातले कोणते काढून टाकता येतील. रकान्याचे नाव वर लिहायचे की आत पुसट अक्षरात (वर लिहिलेले बरे, कारण आतले नाव टाइप करायला लागताच नाहीसे होते). चूक झाली तर लाल ओळ कुठे येईल आणि त्यात नेमके काय लिहिलेले असेल. बटणावर "पाठवा" असावे की "भेटीची वेळ मागा". मोबाइलवर अंगठा सहज पोचेल अशा जागी बटण आहे का. फॉर्म गेल्यावर माणसाला काय दिसेल.

डेव्हलपर करतात: फोन नंबरच्या रकान्याला हात लावला की आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. भरलेली माहिती ब्राउझरमध्ये तपासायची आणि सर्व्हरवर पुन्हा तपासायची, कारण ब्राउझरमधली तपासणी कोणीही सहज चुकवू शकतो. बॉटकडून (आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रामकडून) येणारा कचरा अडवायचा. माहिती डेटाबेसमध्ये साठवायची, म्हणजे ई-मेल हरवला तरी चौकशी हरवत नाही. आणि ई-मेल खरोखर इनबॉक्समध्ये पोचवायचा.

या शेवटच्या कामात सर्वात जास्त घोळ होतो. अनेक फॉर्ममध्ये "प्रेषक" म्हणून भेट देणाऱ्याचाच ई-मेल पत्ता टाकलेला असतो. तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या डोमेनच्या (म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे असते त्या) नावाने पत्र पाठवतो आहे असे समोरच्या मेल सेवेला दिसते, एसपीएफ आणि डीमार्कची (पत्र खरोखर त्याच डोमेनकडून आले का हे पाहणारी) तपासणी फसते आणि पत्र स्पॅममध्ये जाते किंवा नाकारले जाते. उपाय असा: प्रेषक म्हणून तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवायचा, भेट देणाऱ्याचा पत्ता "रिप्लाय-टू"मध्ये टाकायचा, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये (साइट आणि ई-मेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या नोंदवहीत) एसपीएफ व डीकेआयएमच्या (पत्रावरच्या डिजिटल सहीच्या) नोंदी करायच्या. बटणाचा रंग कितीही बदलला तरी हे सुटणार नाही.

दोघांच्या मधला पट्टा म्हणजे फ्रंटएंड: एचटीएमएल, सीएसएस आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट. बरेच डिझायनर एचटीएमएल-सीएसएसपर्यंत येतात, बरेच डेव्हलपर इथूनच सुरुवात करतात. त्याच्या मागे बॅकएंड असतो: पीएचपी, पायथन, नोड अशांपैकी काहीतरी, डेटाबेस, लॉगिन, पेमेंट आणि सर्व्हर. "फुल-स्टॅक" म्हणजे फ्रंटएंड आणि बॅकएंड दोन्ही करणारा डेव्हलपर. त्यात डिझाइन आपोआप धरलेले नसते. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

तपासा: व्हिजिटिंग कार्डावरच्या पदनामाला फारसा अर्थ नाही. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: "मागच्या कामाच्या शेवटी तुम्ही ग्राहकाच्या हातात नेमके काय दिले?" फिग्मा या डिझाइनच्या साधनातली फाइल, रंग-फॉन्टची नियमावली आणि प्रोटोटाइप (दाबून पाहता येणारा नमुना) असे उत्तर आले तर समोर डिझायनर आहे. कोडची रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांचा साठा), चालू साइट आणि सर्व्हरचे लॉगिन असे आले तर डेव्हलपर. "सगळेच करतो" असे उत्तर आले तर प्रत्येक गोष्टीचा एकेक नमुना मागा.

## टप्पा २: माणूस शोधण्याआधी कामांची यादी लिहा

एक कागद घ्या आणि साइटवर येणाऱ्या माणसाला काय करता आले पाहिजे ते क्रियापदात लिहा. "बुकिंग मॉड्यूल हवे" असे लिहू नका. "ग्राहकाला मोकळी वेळ दिसली पाहिजे, ती निवडता आली पाहिजे, आणि एका वेळेला दोघांची नोंद होता कामा नये" असे लिहा. पहिल्या वाक्यावर दहा जण दहा वेगळी कोटेशन देतील, दुसऱ्यावर कोटेशन एकमेकांच्या जवळ येतात.

यादीत एवढे असू द्या:

1. पानांची नावे आणि प्रत्येक पानाचा एक उद्देश. दोन उद्देश निघाले तर बहुधा ती दोन पाने आहेत.
2. भेट देणारा करू शकेल अशा सगळ्या क्रिया: शोधणे, फॉर्म भरणे, पैसे देणे, लॉगिन, फाइल चढवणे.
3. साइट चालू झाल्यावर मजकूर कोण बदलणार आणि आठवड्यातून किती वेळा.
4. साइट कशाशी जोडायची आहे: पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), हिशेबाचे सॉफ्टवेअर, ई-मेल यादी.
5. सध्या काय आहे: डोमेन, होस्टिंग (साइट ठेवलेली सर्व्हरवरची जागा), जुनी साइट, ई-मेल, आणि त्यांचे लॉगिन कोणाकडे आहे.

आता प्रत्येक ओळीपुढे "डि", "डे" किंवा "म" लिहा. "म" म्हणजे मजकूर. हा तिसरा गट लोक हमखास विसरतात. पानावरचे शब्द डिझायनर लिहीत नाहीत, डेव्हलपर तर नाहीतच. ते तुम्हाला लिहावे लागतात किंवा लेखकाकडून लिहून घ्यावे लागतात. साइट महिनोन्‌महिने रखडण्याचे मोठे कारण कोड नसतो, "आमच्याविषयी"चा मजकूर आलेला नसतो.

जुनी साइट असेल तर लक्षणावरून थेट माणूस ठरवू नका. "लोक येतात, पण चौकशी करत नाहीत" हे वाक्य ऐकून कोणीही डिझायनरकडे बोट दाखवेल. आधी या क्रमाने तपासा:

- स्वतःच्या मोबाइलवरून, वायफाय बंद करून, फॉर्म भरून पाठवा. ई-मेल आला का? स्पॅममध्ये पाहिले का? आला नाही तर काम डेव्हलपरचे.
- गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पान तपासा. मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पुढे पाहा: पाच-पाच मेगाबाइटची छायाचित्रे चढवली असतील तर ती लहान करून भागते, सर्व्हरच उशिरा उत्तर देत असेल तर डेव्हलपर.
- फॉर्म पोचतो, पान झटकन उघडते, तरीही चौकशी नाही? मग व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला साइट उघडून द्या आणि "इथे किंमत कशी विचाराल?" एवढेच विचारून गप्प बसा. तो चुकीच्या जागी दाबत राहिला तर काम डिझायनरचे. त्याला बटण सापडले, पण "हे नक्की काय विकतात?" असा प्रश्न पडला तर काम मजकुराचे.

## टप्पा ३: यादीवरून ठरवा, कोण लागेल

पाच-सात माहितीची पाने, एक फॉर्म, बाकी काही नाही. दोन माणसे नकोत. वर्डप्रेस, विक्स, स्क्वेअरस्पेस किंवा वेबफ्लो असे साइट बांधायचे तयार साधन सफाईने वापरणारा एक डिझायनर पुरतो. इथे कोड नव्याने लिहिण्याचा आग्रह धरणाऱ्या डेव्हलपरला नम्रपणे नकार द्या; वर्षभराने एक ओळ बदलायलाही त्यालाच बोलवावे लागेल.

साइट नीट चालते, पण जुनाट दिसते किंवा मोबाइलवर वाचता येत नाही. आधी डिझायनर, मग ते डिझाइन सध्याच्या साइटवर बसवायला डेव्हलपर. डिझायनरला पहिल्याच दिवशी सांगा की साइट कशावर उभी आहे, नाहीतर ज्या गोष्टी त्या व्यवस्थेत होतच नाहीत त्यांची सुंदर चित्रे हातात येतील.

साइट हॅक झाली, मंद आहे, पेमेंट अडते, अपडेट केल्यावर पांढरे पान दिसते. फक्त डेव्हलपर, आणि तोही त्याच व्यवस्थेत काम केलेला. वर्डप्रेसच्या दुरुस्तीला वर्डप्रेस येणारा माणूस लागतो. उत्तम पायथन येणे इथे कामाचे नाही.

दुकान, वेळनोंदणी, सदस्यत्व, लॉगिन. दोघेही, आणि दोघे पहिल्या दिवसापासून. दुकान साधे असेल तर शॉपिफाय किंवा वूकॉमर्स अशा तयार दुकान-व्यवस्थेवर काम भागते आणि डेव्हलपरचे तास बरेच कमी होतात. कार्डाचे तपशील स्वतःच्या सर्व्हरवर साठवायचे नाहीत, ते गेटवेच्याच पानावर भरले जावेत, हे आधीच ठरवून टाका. पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीचे ओझे त्यामुळे पुष्कळ हलके होते.

एकच माणूस दोन्ही करतो म्हणतो. असे लोक असतात आणि लहान कामाला ते सोयीचेच. पण दोन्हींत सारखाच हात बसलेला माणूस विरळा. त्याने केलेल्या साइट्स पाहिल्या की तोल कुठे झुकतो ते दिसते, आणि तुमच्या यादीत "डि" जास्त आहेत की "डे", तेही तुम्हाला आता माहीत आहे.

एजन्सी घ्यायची की सुटी माणसे, हा प्रश्न यानंतरचा. डिझायनर आणि डेव्हलपर यांच्यात रोजचा निरोप पोचवायला तुमच्याकडे वेळ नसेल तर एजन्सी घ्या. असेल तर सुटी माणसे स्वस्त पडतात.

## टप्पा ४: खाती आणि मजकूर आधी आपल्या हातात घ्या

हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून लोक ते डेव्हलपरवर सोडतात. पुढे संबंध बिघडले की साइटच ओलीस राहते.

1. डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या खात्यात, तुमच्या कार्डावर नोंदवा. आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर नवे काम सुरू होण्याआधी ते हलवून घ्या. नुकत्याच नोंदवलेल्या किंवा हलवलेल्या डोमेनला अनेकदा ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही, हे वेळापत्रकात धरा.
2. डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ई-मेल पत्ता देऊ नका. डोमेनची मुदत संपली की तो पत्ता बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याचे पत्र नेमके त्याच बंद पत्त्यावर जाते.
3. होस्टिंग, ॲनालिटिक्स (भेटींची मोजणी), सर्च कन्सोल (गूगलच्या शोधात साइट कशी दिसते ते पाहण्याचे साधन), पेमेंट गेटवे ही खातीही तुम्हीच उघडा. इतरांना वेगळा वापरकर्ता म्हणून प्रवेश द्या. मुख्य पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका.
4. द्विस्तरीय पडताळणी सुरू करा आणि तिचे राखीव कोड छापून ठेवा.

मजकुराचे दोन नियम. पहिला, डिझायनरला खरा मजकूर द्या. नमुन्याच्या लॅटिन ओळींवर केलेले डिझाइन खऱ्या मजकुराने मोडते. तीन शब्दांचे शीर्षक धरून आखलेल्या चौकटीत अकरा शब्द बसत नाहीत. दुसरा, मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. छपाईसाठी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि बदलल्यावर जोडाक्षरे, रफार आणि अवतरणचिन्हे डोळ्यांनी तपासावी लागतात.

छायाचित्रे मूळ आकारात द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेली दाबलेली असतात. लोगो एसव्हीजी या, कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या, स्वरूपात हवा. तो नसेल तर ज्याने लोगो केला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

## टप्पा ५: माणूस पारखा

डिझायनरच्या कामाचे नमुने फक्त चित्ररूपात असतील तर चालू साइटचे दुवे मागा. चित्रात सगळेच सुरेख दिसते. दुवा मोबाइलवर उघडा, मग संगणकावर ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत न्या आणि मजकूर कुठे फाटतो ते पाहा. पुसट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर असतील तर ते नोंदवा: डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मानकांत एए पातळीला साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी ४.५:१ एवढा तरी रंगविरोध (कॉन्ट्रास्ट) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. मोफत तपासनीस साधनात दोन रंग टाकले की आकडा मिळतो. मग विचारा:

- या साइटमध्ये तुमचे नेमके काम कोणते? थीम विकत घेतली होती का?
- ग्राहकाला पहिला आराखडा आवडला नाही तेव्हा काय केलेत? (उत्तरात कारणे विचारल्याचा उल्लेख यायला हवा. "नवीन तीन पर्याय दिले" एवढेच असेल तर रंगसंगतीच्या पुढे विचार जात नाही असे समजा.)
- डेव्हलपरला फाइल देताना काय काय देता?

डेव्हलपरला कोडबद्दल विचारून तुम्हाला काही कळणार नाही, म्हणून सवयींबद्दल विचारा:

- बदल आधी कुठे करून पाहता? "थेट चालू साइटवर" हे उत्तर आले तर तिथेच थांबा. वेगळी स्टेजिंग साइट (चाचणीसाठी ठेवलेली साइटची प्रत) हवी.
- कोड कुठे ठेवता? गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) रिपॉझिटरी, आणि ती माझ्या खात्यात ठेवाल का?
- बॅकअप किती दिवसांनी, कुठे, आणि परत चढवून कधी पाहिला होता? तिसऱ्या भागाला बहुतेक जण अडखळतात. त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप सर्व्हरबरोबरच जातो.
- तुम्ही केलेली, दोन वर्षांहून जुनी आणि अजून चालणारी एक साइट दाखवा.

शंका राहिली तर छोटे, पैसे देऊन केलेले काम द्या. डिझायनरला एका पानाचा मोबाइल आराखडा, डेव्हलपरला टप्पा १ मधला संपर्क फॉर्म. फुकट चाचणी मागू नका. चांगली माणसे ती करत नाहीत, त्यामुळे चाळणीत नेमकी नको ती उरतात.

सावध: सर्वात स्वस्त कोटेशन उचलण्याआधी त्यात काय *नाही* ते वाचा. मोबाइलचे डिझाइन, मजकूर चढवणे, जुन्या पत्त्यांचे रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की नव्या पानावर नेणे), सुरुवातीनंतरच्या दुरुस्त्या या चार गोष्टी बहुधा गायब असतात.

## टप्पा ६: करार छोटा ठेवा, पण या ओळी त्यात हव्यात

- प्रत्येक टप्प्याला काय हातात येईल आणि त्यावर किती रक्कम. तारखेवर नव्हे, मिळालेल्या वस्तूवर हप्ता बांधा. शेवटचा हप्ता ताबा मिळाल्यानंतरच, आणि तो इतका असावा की तो सोडून जाणे परवडू नये.
- फेरबदलांच्या फेऱ्या: आराखड्याला दोन, अंतिम दृश्याला दोन. "समाधान होईपर्यंत" लिहिलेत तर काम संपत नाही आणि दोघेही वैतागतात.
- चूक कशाला म्हणायचे आणि नवी मागणी कशाला. यादीत आहे, पण चालत नाही ती चूक, विनाशुल्क दुरुस्ती. यादीतच नाही ती नवी मागणी. चुका दुरुस्त करण्याची मुदत लिहा. ३० दिवस तरी मागा.
- हक्क. अनेक देशांत बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचे स्वामित्व लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याच्याकडेच राहते, पैसे दिलेले असले तरी. फिग्माच्या मूळ फायली आणि कोड दोन्हींचा उल्लेख करा.
- फॉन्ट आणि छायाचित्रांचे परवाने कोणाच्या नावावर. संगणकावर वापरायच्या फॉन्टचा परवाना वेबसाइटला चालतोच असे नाही.

## टप्पा ७: कामाचा क्रम

इथे सर्वाधिक चुका होतात. डिझायनरचे काम पूर्ण संपवून मग डेव्हलपर शोधणे ही त्यातली पहिली.

आधी आराखडा. रंगाशिवाय, चौकटी आणि खऱ्या मजकुराचा वायरफ्रेम, मोबाइलच्या रुंदीचा आधी. या पातळीवर एक भाग वर-खाली करणे म्हणजे काही मिनिटांचे काम. तोच बदल कोड झाल्यावर दिवस खातो.

मग डेव्हलपरची नजर, रंग भरण्याआधी. तासाभराची बैठक पुरते. डेव्हलपरने तीन गोष्टी सांगायच्या: यातले तयार साधनात काय मिळते, काय नव्याने लिहावे लागेल, आणि कोणत्या एका हट्टापायी खर्च दुप्पट होतो आहे. डिझायनर तो हट्ट सोडू शकतो का, हे तिथेच विचारा.

मग दृश्य डिझाइन आणि हवाली करणे. डिझायनरकडून डेव्हलपरकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात हे सगळे असल्याशिवाय त्या टप्प्याचा हप्ता देऊ नका:

- निदान तीन रुंदींची पाने, उदाहरणार्थ ३६०, ७६८ आणि १४४० पिक्सेल.
- प्रत्येक बटण आणि रकान्याच्या सर्व अवस्था: साधी, माउस वर आलेली, कीबोर्डने निवडलेली, बंद, चुकीची, आणि माहिती येत असतानाची. रिकाम्या अवस्थेचे पानही. कार्टमध्ये काहीच नाही तेव्हा काय दिसते?
- रंगांचे कोड, फॉन्टचे आकार आणि वजने (अक्षरांची जाडी), अंतरांची पट्टी.
- ४०४ चे ("पान सापडले नाही" सांगणारे) पान आणि "धन्यवाद" चे पान. ही दोन नसली तर डेव्हलपर स्वतःच्या मनाने करतात आणि ती तशी दिसतात.

देवनागरी साइटला आणखी दोन अटी. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या सवयीने अक्षराच्या १.२ पट ठेवले तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना टेकतात किंवा कापले जातात, १.६ च्या आसपास ठेवून पाहा. आणि अक्षरांमधले अंतर वाढवणारी सीएसएसची सूचना मराठी शीर्षकांना लावू नका, शिरोरेषा तुटते. "दृष्टिकोन", "वाङ्मय", "वैशिष्ट्यपूर्ण", "ऱ्हास" हे चार शब्द प्रत्येक फॉन्टमध्ये आणि प्रत्येक वजनात लिहून पाहायला सांगा. फॉन्टमधली बरीच दुखणी तिथल्या तिथे उघडी पडतात.

मग बांधणी, स्टेजिंगवर. एक पान पूर्ण झाले की डिझायनरने ते डिझाइनशी ताडून पाहावे, सगळी पाने संपण्याची वाट पाहू नये. पहिल्या पानातली अंतराची चूक दुरुस्त केली नाही तर ती वीस पानांत पसरते. डिझायनरच्या करारात या तपासणीचे तास आधीच धरलेले असू द्या.

## टप्पा ८: साइट चालू करताना

साइट चालू करण्याच्या दिवशी घाई नको, आणि आठवड्याचा शेवटचा दिवस तर नकोच; काही बिघडले तर दोन दिवस कोणी फोन उचलत नाही.

1. आदल्या दिवशी डीएनएसच्या नोंदींचा टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो आणि चुकला तर लवकर मागे घेता येतो.
2. सध्याच्या सगळ्या डीएनएस नोंदींची प्रत काढा. नेमसर्व्हर (या नोंदी जिथे ठेवल्या जातात ते सर्व्हर) बदलताना एमएक्सच्या (ई-मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) नोंदी नव्या जागी उतरवल्या नाहीत तर साइट चालू होते आणि सगळ्यांचे ई-मेल बंद पडतात. हा अपघात नेहमीचा आहे, आणि ई-मेल येत नाहीत हे कळायला अर्धा दिवस जातो.
3. जुन्या प्रत्येक पत्त्याचे नव्या पानाकडे ३०१ (म्हणजे कायमचे) रीडायरेक्ट. सगळे मुखपृष्ठाकडे वळवणे हा आळस आहे. जुन्या पानाने शोधयंत्रात मिळवलेली जागा जाते.
4. शोधयंत्रांना मनाई करणारी खूण काढली का ते पाहा. स्टेजिंगवर ती असायलाच हवी, पण चालू साइटवर राहिली तर साइट गूगलमधून हळूहळू नाहीशी होते. वर्डप्रेसमध्ये ही खूण सेटिंग्जमधल्या "रीडिंग" पानावर असते.
5. एचटीटीपीएस (साइटची सुरक्षित जोडणी) चालते का आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप होते का ते विचारा.
6. फॉर्म, पेमेंट आणि पासवर्ड बदलणे: तिन्ही गोष्टी स्वतः, मोबाइलवरून. पेमेंट खऱ्या रकमेचे करा आणि परतही करून पाहा.

वेगासाठी करारात "साइट फास्ट हवी" लिहून उपयोग नाही, आकडे लिहा. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सच्या मर्यादा अशा: एलसीपी (मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांपर्यंत, आयएनपी (दाबल्यावर पान प्रतिसाद देते तो वेळ) २०० मिलिसेकंदांपर्यंत, सीएलएस (पान उघडताना मजकूर किती सरकतो) ०.१ पर्यंत. आयएनपी हे मोजमाप २०२४ च्या मार्चपासून जुन्या एफआयडीच्या जागी आले आहे. कोणी अजून एफआयडीचे आकडे दाखवत असेल तर त्याचा अहवाल जुना आहे. नव्या साइटवर खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे जमायला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला साधनाने केलेल्या नकली भेटीच्या ("प्रयोगशाळेतल्या") चाचणीवर भागवावे लागते. सीएलएस बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे छायाचित्रांना लांबी-रुंदी दिलेली नसणे आणि वरून उशिरा टपकणाऱ्या जाहिराती किंवा पट्ट्या. पहिले डेव्हलपर सोडवतात, दुसऱ्यासाठी त्या पट्टीची जागा डिझाइनमध्येच राखावी लागते.

## टप्पा ९: ताबा घ्या, आणि पुढे कोणाला फोन करायचा ते लिहून ठेवा

शेवटचा हप्ता देण्याआधी हे हातात हवे: फिग्माच्या मूळ फायली, कोडची रिपॉझिटरी तुमच्या खात्यात, सर्व लॉगिन, प्लगइन (साइटला जोडलेले तयार जोडप्रोग्राम) आणि फॉन्टच्या परवान्यांच्या पावत्या व नूतनीकरणाच्या तारखा, आणि मजकूर कसा बदलायचा याची पडद्यावर रेकॉर्ड केलेली छोटी चित्रफीत. डेव्हलपरने विकत घेतलेले प्लगइन त्याच्याच परवान्यावर चालत असेल तर वर्षभराने अपडेट थांबतात आणि सुरक्षेची भगदाडे उघडी राहतात. हे आत्ताच विचारा.

ताबा घेतला हे सिद्ध करायला एकच चाचणी पुरेशी आहे. डेव्हलपरला कालचा बॅकअप स्टेजिंगवर, तुमच्या लॉगिनने, तुमच्यासमोर चढवायला सांगा. तासा-दोन तासांत साइट उभी राहिली तर ठीक. त्यात कुठे "हे माझ्या लॅपटॉपवर आहे" असे ऐकू आले तर ती गोष्ट अजून तुमच्या ताब्यात आलेली नाही.

देखभालीचा करार डिझायनरशी करण्याची सहसा गरज पडत नाही. नवे पान किंवा नवी मोहीम आली की तेवढ्यापुरते त्यांना बोलवा. डेव्हलपरशी मात्र महिन्याचे काही तास बांधून घ्या. अपडेट आधी स्टेजिंगवर, मग चालू साइटवर. दर महिन्याला फॉर्मची चाचणी. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप परत चढवून पाहणे. काम सोडून गेलेल्या प्रत्येकाचे वापरकर्ता खाते त्याच दिवशी बंद करा, आणि सर्व्हरवर ठेवलेल्या त्यांच्या एसएसएच चाव्याही (पासवर्डशिवाय सर्व्हरवर शिरू देणाऱ्या डिजिटल चाव्या) काढायला सांगा. पासवर्ड बदलला तरी त्या चाव्या चालूच राहतात.